बराक कोणती, हे प्रश्नावली ठरवील काय?

गेल्या अंकात कारागृहांतील समुपदेशनाविषयी लिहिताना, परदेशांत कैद्यांची विभागणी करण्यासाठी व्यक्तिमत्त्व चाचण्याही वापरल्या जातात, असे एक वाक्य ओघात आले होते. त्या एका वाक्यावर रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे लागले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. घरच्या माणसांविषयी मजकूर असलेल्या पत्रातील ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : कैद्याला कोठे आणि कोणाबरोबर ठेवायचे हे त्याच्या गुन्ह्यावरून ठरते, अशी माझी समजूत होती. व्यक्तिमत्त्व चाचणीवरून ते कसे ठरवतात आणि तसे ठरवणे कितपत विश्वासार्ह आहे?
— विधी शाखेची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : गुन्ह्याच्या कलमावरून माणूस तुरुंगात कसा वागेल याचा अंदाज फारसा येत नाही, ही तुरुंग चालवणाऱ्यांची जुनीच अडचण आहे. बांधाच्या भांडणात चुलतभावावर कोयती उगारून जन्मठेपेला गेलेला शेतकरी पुढची बारा-तेरा वर्षे कुणाच्या अध्यात ना मध्यात राहतो, भाजीचे वाफे राखतो आणि अधिकाऱ्यांच्या विश्वासातला होतो. उलट मोबाईल चोरून आलेला विशीतला पोरगा पहिल्याच महिन्यात बराकीत मारामाऱ्या लावून देतो. कोणाला कोणाशेजारी झोपवायचे, कोणाला कामाला पाठवायचे, कोणावर पहारा कमी ठेवला तरी चालेल, हे ठरवायला कलमापलीकडचे काहीतरी हवे, या गरजेतून मानसशास्त्रज्ञांना तुरुंगाचे बोलावणे आले.

ते आले तेव्हा त्यांच्या हाताशी एक तयार साधन होते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली यांनी तयार केलेली बहुअंगी व्यक्तिमत्त्व प्रश्नावली १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली होती. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एमएमपीआय म्हणतात. साडेपाचशेच्या आसपास विधाने, प्रत्येकापुढे ‘खरे’ किंवा ‘खोटे’ अशी खूण, आणि त्या खुणांची ठरलेल्या गटांनी बेरीज करून दहा मुख्य मापांवर काढलेला आलेख, असे तिचे स्वरूप. अमुक विकाराचे रुग्ण इतरांपेक्षा ज्या विधानांना वेगळे उत्तर देतात ती विधाने त्या विकाराच्या मापात घालायची, इतकी सरळ तिची बांधणी होती. त्यातले चौथे माप न्यायालयांनी तपासणीसाठी पाठवलेल्या, वारंवार नियम मोडणाऱ्या तरुणांच्या उत्तरांवरून बेतलेले असल्यामुळे तुरुंगवाल्यांना ते विशेष जवळचे वाटले. आता हे ‘इतर’ कोण, तर मुख्यतः विद्यापीठाच्या रुग्णालयात रुग्णांना भेटायला आलेले ७२४ नातेवाईक आणि पाहुणे, जवळजवळ सगळे गोरे, बरेचसे ग्रामीण, सरासरी आठवीपर्यंत शिकलेले. १९८९ मध्ये सुधारित आवृत्ती निघेपर्यंत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कैद्याचीही तुलना मिनेसोटाच्या त्या पाहुण्यांशीच होत राहिली.

या प्रश्नावलीवरून कैद्यांचे पद्धतशीर वर्ग पाडण्याचे काम एडविन मेगार्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात फ्लोरिडातील टालाहासी येथील संघीय कारागृहात केले. तरुण कैद्यांचे आलेख आकारानुसार एकमेकांशी जुळवून त्यांनी दहा गट काढले आणि त्यांना मुद्दाम निरर्थक नावे दिली : एबल, बेकर, चार्ली, डेल्टा, ईझी, फॉक्सट्रॉट, जॉर्ज, हाऊ, आयटम आणि ज्युपिटर. नाव वाचताच पहारेकऱ्याच्या मनात काही ठसू नये, आधी गट पाडावेत आणि त्या गटांतली माणसे प्रत्यक्षात कशी वागतात ते पाहून मगच वर्णन लिहावे, हा त्यामागचा विचार मला आजही फार आवडतो. वर्णने पुढे लिहिली गेलीच. ‘हाऊ’ गटात जवळजवळ सगळी मापे चढलेली, मनाने खचलेली, उपचारांची गरज असलेली माणसे निघाली. ‘चार्ली’ आणि ‘फॉक्सट्रॉट’ गटांत आक्रमक वृत्तीची. दहांतला सर्वांत मोठा गट मात्र ‘आयटम’ हा ठरला, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की त्यातल्या माणसांच्या आलेखात विशेष असे काहीच नव्हते. तुरुंगातल्या दहा गटांपैकी सर्वांत मोठा गट मनाने ठाकठीक निघावा, हा या सबंध उद्योगाचा माझ्या मते सर्वांत मोलाचा निष्कर्ष आहे आणि नेमकी त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. टालाहासीत या वर्गांची कर्मचाऱ्यांच्या नोंदींशी सांगड घालून दादागिरी करणारे एकीकडे आणि त्यांचे सावज होऊ शकतील असे दुसरीकडे, अशी झोपण्याची व्यवस्था करून पाहिली, तेव्हा गंभीर मारहाणीच्या घटना घटल्या. या पद्धतीच्या बाजूने सांगण्यासारखे जे आहे ते हे आहे, आणि ते थोडे नाही.

मग अडले कोठे? काही महिन्यांनी त्याच कैद्यांना तीच प्रश्नावली पुन्हा दिली, तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळजण दुसऱ्याच गटात गेलेले आढळले. माणूस खरोखर बदलला असेल, असे म्हणता येते. पण त्याची बराक, त्याचे काम आणि त्याच्यावरचा पहारा पहिल्या निकालावर ठरलेला असतो, आणि तो कागद पुन्हा उघडून पाहण्याची घाई कोणालाच नसते. शिवाय पहिली चाचणी बहुधा दाखल झाल्याच्या सुरुवातीच्या दिवसांत घेतली जाते. उधाणाच्या दिवशी मोजलेली बंदरातल्या पाण्याची खोली वर्षभराची म्हणून नकाशावर लिहावी, तसे ते होते. कोणीतरी माझ्यावर पाळत ठेवून आहे, लोक माझ्याविषयी कुजबुजतात, मला शांत झोप लागत नाही, या धर्तीच्या विधानांना बाहेरच्या माणसाने होकार दिला तर तपासणारा कान टवकारतो आणि ते बरोबरही आहे. बराकीत मात्र रात्रभर दिवा जळत असतो, शिपाई ठरावीक वेळाने गजांतून माणसे मोजून जातो, शेजारचा माणूस कोणत्या कलमाखाली आला आहे हे उजाडायच्या आत सगळ्यांना ठाऊक झालेले असते. तेथे या विधानांपुढे ‘खरे’ अशी खूण करणारा माणूस संशयी नसतो. तो आजूबाजूला पाहून लिहीत असतो.

आणखी एक अडचण गणिताची आहे आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी ती कागदावर करून पाहण्यासारखी आहे. एका मोठ्या कारागृहात एक हजार कैदी आहेत आणि त्यांतले वीसजण पुढच्या वर्षभरात कोणावर तरी गंभीर हल्ला करणार आहेत, असे धरू. आपल्या हाती अशी चाचणी आहे, जी हल्ला करणाऱ्या शंभरांतले ऐंशी अचूक ओळखते आणि न करणाऱ्या शंभरांतल्या ऐंशींना अचूक निर्दोष ठरवते. व्यवहारातल्या बहुतेक चाचण्यांपेक्षा ही चांगली म्हणावी लागेल. ती वीसांपैकी सोळाजण पकडील. पण उरलेल्या ९८० पैकी १९६ जणांवरही ‘धोकादायक’ असा शिक्का मारील. म्हणजे शिक्का बसलेल्या २१२ जणांत खरोखर हल्ला करणारे सोळाच, शंभरांत आठही नाहीत. बाकीच्यांना चाचणीपायी कडक पहाऱ्यात, हल्लेखोरांच्या शेजारी राहावे लागेल. जी गोष्ट मुळात विरळा घडते तिचे भाकीत करताना चांगली चाचणीही अशी तोंडघशी पडते.

याच कारणांमुळे अमेरिकेतल्या बहुतेक कारागृह यंत्रणा १९८० च्या दशकापासून मोजता-तपासता येणाऱ्या गोष्टींकडे वळल्या : वय, गुन्ह्याचे गांभीर्य, पूर्वी पळून जाण्याचा प्रयत्न, कारागृहातील शिस्तभंगाच्या नोंदी, आणि त्यांचे ठरावीक मुदतीने फेरमूल्यांकन. त्यांतले वय हे साधेसे दिसणारे कलम तुरुंगातील वर्तनाचा अंदाज करायला बऱ्याच लांबलचक प्रश्नावल्यांपेक्षा उपयोगी पडते. कोवळ्या वयातले बंदी अधिक भांडतात आणि चाळिशीनंतर बहुतेकजण निवतात. तेव्हा माझे मत विचारीत असाल तर ते असे : कोणाला मदतीची गरज आहे हे शोधायला व्यक्तिमत्त्व चाचणी वापरावी; कोणाला कडीकुलपात ठेवायचे हे तिच्यावर सोपवू नये.

प्रश्न : आमच्या घरातली मुले मोबाईलवर सोळा प्रकारांची एक व्यक्तिमत्त्व चाचणी करतात आणि चार अक्षरांत आपला स्वभाव सांगतात. तुरुंगातही हीच वापरतात का?
— एक गृहिणी, गणपतीपुळे

उत्तर : नाही, आणि वापरूही नये. ही चाचणी ज्या मायर्स-ब्रिग्ज पद्धतीच्या धर्तीवर बेतलेली आहे, ती इसाबेल मायर्स आणि त्यांच्या मातुःश्री कॅथरीन ब्रिग्ज यांनी तयार केली. माणूस एकतर बोलका नाहीतर अबोल, असे तिच्यात दोन ठसठशीत कप्पे असतात. प्रत्यक्षात बहुतेक माणसे मधोमध असतात आणि म्हणूनच काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी केली की अक्षर बदलते. नोकरीसाठी उमेदवार निवडायला ही पद्धत वापरू नये, असे तिचे प्रकाशक स्वतःच सांगतात. उत्तर देणारा बनवाबनवी करतो आहे का, हे पाहण्याची सोय तिच्यात नाही. एमएमपीआयमध्ये त्यासाठी वेगळी मापे आहेत. ‘मला कधीच राग आला नाही’ अशा थाटाची साधुसंतांनाही न शोभणारी उत्तरे कोणी एकामागून एक देऊ लागला तर ती मापे चढतात. मुलांनी करमणूक म्हणून चाचणी करावी. लग्नाच्या स्थळांना ती चार अक्षरे पाठवू लागली तर मात्र आपण लक्ष घाला.

प्रश्न : डॉक्टर, माझा भाचा न्यायालयीन कोठडीत आहे. खटला अजून उभा राहिलेला नाही. मुलाखतीला गेले तेव्हा त्याने सांगितले की कोणी बाहेरची माणसे येऊन त्याच्याकडून लांबलचक कागद भरून घेऊन गेली. तो चौथीपर्यंत शिकलेला, लहानपणापासून होडीवर. ती माणसे वाक्य वाचायची आणि हा उत्तर द्यायचा. मला म्हणतो, “अगो मावशी, माका अर्धा काय कळाक नाय, मी आपलो होय होय म्हणत रवलंय.” आता त्या कागदाचा त्याला त्रास होईल का? न्यायालयात तो वापरतील का?
— किनाऱ्यावरील एका गावातील भगिनी

उत्तर : ताई, आधी आपल्या मुख्य चिंतेविषयी. आरोपीचा स्वभाव वाईट आहे, एवढ्यावरून फौजदारी खटल्यात त्याला दोषी धरता येत नाही. आरोपीने स्वतःच्या चांगल्या वर्तनाचा पुरावा पुढे केला नसेल, तर त्याच्या वाईट स्वभावाचा पुरावा सर्वसाधारणपणे ग्राह्य नसतो, हे तत्त्व जुन्या पुरावा कायद्यात होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, संमतीशिवाय केलेली नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूतरंगांची चाचणी घटनाबाह्य ठरवली. त्या निकालात कागदी प्रश्नावलीची चर्चा नव्हती, तरी संमतीविषयीचे त्यातले विवेचन आपल्या वकिलांना उपयोगी पडेल. ही प्रश्नावली उपचारांसाठी भरून घेतली असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तिच्यातील माहिती गोपनीय राहण्याचा आणि आपल्या नोंदी मागण्याचा हक्क त्याला दिलेला आहे. संशोधनासाठी असेल तर कशासाठी विचारतो आहोत, नाही म्हटले तरी चालेल आणि उत्तरे कोणाला दिसतील, हे त्याला समजेल अशा भाषेत आधी सांगणे बंधनकारक होते. ते सांगितले होते का, हे त्याला पुढच्या मुलाखतीत शांतपणे विचारून घ्या आणि वकिलांमार्फत कारागृह अधीक्षकांकडे, कागद कोणी व कशासाठी भरून घेतला, अशी लेखी विचारणा करा. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या प्रत्येक माणसाला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

आता त्या ‘होय होय’विषयी. आपल्या भाच्याने जे केले ते जगभर माणसे करतात. थकलेला, दबलेला, समोरच्याला नाराज करायला घाबरणारा माणूस विधान न ऐकताच होकार देतो, आणि त्याने दिलेल्या होकारांतून बहुतेक मापे चढत जातात. कागदावर तो कोणी भलताच तयार होतो. चांगल्या प्रश्नावलीत हे ओळखण्याची सोय असते, पण ती सोय वापरणारा माणूसही तितकाच जागा हवा. तोंडी विचारण्यात तर आणखी एक खोच आहे. ‘मी सहसा चिडत नाही’ असे विधान वाचून दाखवले आणि समोरचा नुसता ‘नाही’ म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘विधान खोटे, मी चिडतो’ असा करायचा की ‘बरोबर, मी नाही चिडत’ असा? आपल्याकडे रोजच्या बोलण्यात ‘नाही’ म्हणणारा बहुधा दुसराच अर्थ सांगत असतो, आणि उत्तरपत्रिकेवर खूण मात्र ‘खोटे’च्या रकान्यात पडते. अशी नकारी विधाने या प्रश्नावल्यांमध्ये जागोजागी असतात. ज्याने वाचून दाखवले त्याने प्रत्येक वेळी थांबून ‘म्हणजे चिडता की चिडत नाही?’ असे विचारले नसेल तर तो कागद मी उघडूनही पाहणार नाही. चाचणी पुन्हा, त्याला कळणाऱ्या बोलीत, संमतीने आणि एका बैठकीत न उरकता घ्यावी, अशी मागणी करायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : तीस वर्षे शाळेत काढलेल्या मास्तराला मूल पाहिल्याबरोबर कळते. मुरलेल्या तुरुंगाधिकाऱ्यालाही कैदी कळत असणार. चाचण्यांचा हा खटाटोप कशाला?
— निवृत्त मुख्याध्यापक, दापोली

उत्तर : गुरुजी, मास्तराला कळते, पण त्याला कळले नव्हते असे विद्यार्थीही त्याला पुढे भेटतात आणि त्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही. मिनेसोटाचेच पॉल मील यांनी १९५४ मध्ये तज्ज्ञाचा अंदाज आणि साधी आकडेवारी यांची तुलना करणारे तोवरचे अभ्यास तपासले, तेव्हा बहुतेक ठिकाणी आकडेवारी तज्ज्ञाच्या बरोबरीची किंवा सरस ठरली. त्यानंतरच्या अभ्यासांतही निकाल फारसा वेगळा लागलेला नाही. मात्र आकडे माणसाच्या हातूनच भरले जातात, हेही खरे. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची सायकोपॅथीची, म्हणजे निर्ढावलेल्या, सहानुभूतिशून्य वृत्तीची, वीस कलमी यादी जगभर वापरली जाते. प्रत्येक कलमाला शून्य, एक किंवा दोन गुण, कमाल चाळीस, आणि तीस किंवा अधिक झाले की माणूस त्या वर्गात. ही यादी कैद्याने भरायची नसते. तज्ज्ञ त्याची मुलाखत घेऊन व कागदपत्रे पाहून ती भरतो. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात शंभराहून अधिक तज्ज्ञांना त्याच त्या कैद्यांच्या फायली दिल्या. काहींना सांगितले की तुम्हाला सरकार पक्षाने नेमले आहे, काहींना सांगितले की बचाव पक्षाने. सरकार पक्षाने नेमल्याचे सांगितलेल्या तज्ज्ञांनी सरासरीने अधिक गुण दिले. फायली त्याच, यादी तीच.

आणि ‘पाहिल्याबरोबर कळते’ याची आपल्या देशातली किंमत फार जड आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच गुन्हेगार ठरवण्याची सोय करून ठेवली होती. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत ‘सराईत’ या शब्दाआड त्या जमाती राहून गेल्या आणि झाडलोट कोणी करायची, स्वयंपाक कोणी करायचा हे जातीवरून ठरत राहिले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि बंद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. म्हणजे तुरुंगात माणसांचे वर्ग पाडण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. ते वर्ग कशावरून पाडायचे याचा हिशेब विचारला जाणे नवे आहे. मुरलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. हर्बर्ट क्वे यांनी अमेरिकेत कैद्याला काही न विचारता, त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून एक यादी भरून घेण्याची पद्धत बसवली : कोण इतरांना चिथावतो, कोण एकटा बसतो, कोण सांगितलेले काम करतो. तीत अक्षरओळख नसलेला कैदीही मागे पडत नाही. नजर वापरावी, पण ती नोंदीच्या रूपाने कागदावर उतरावी, दोन माणसांनी वेगवेगळी उतरवावी, आणि ज्याच्याविषयी आहे त्याला तिच्यावर हरकत घेता यावी.

प्रश्न : मी कारागृह खात्यातून निवृत्त झालो. आमच्याकडे लहान जिल्हा कारागृहात मोजक्या बराकी. कच्चे (खटला चालू असलेले) वेगळे, पक्के (शिक्षा झालेले) वेगळे, बायका वेगळ्या, तरुण पोरे वेगळी, एकाच प्रकरणातले साथीदार आणि फिर्यादीकडचे समोरासमोर येऊ नयेत हे वेगळेच. एवढे करता करता बराकी संपतात. दहा-दहा प्रकार पाडून आम्ही माणसे ठेवायची कोठे?
— निवृत्त कर्मचारी, अलिबाग तालुका

उत्तर : आपला प्रश्न सगळ्यांत नेमका आहे. स्त्रिया, एकवीस वर्षांखालील बंदी, दिवाणी बंदी आणि न्यायाधीन बंदी इतरांपासून वेगळे ठेवावेत, ही विभागणी १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम २७ पासूनची. तेवढी पाळतानाच जागा कशी संपते हे पाहायचे तर अलिबागचेच उदाहरण आहे. तेथले कारागृह आंग्र्यांच्या हिराकोटात भरते आणि किल्ल्याच्या तटाला कोणी नवीन पाख काढू शकत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या कारागृहांत क्षमतेच्या १३१ टक्के माणसे होती. एकूण ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतले तीन, न्यायाधीन होते. ज्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही त्यांना गुन्हेगारी वृत्तीच्या प्रकारांत बसवणे मला मुळातच अनुचित वाटते. त्यांतले कित्येकजण महिन्या-दोन महिन्यांत जामिनावर जातात, मग ती चाचणी कोणासाठी? मेगार्जींची पद्धत शिक्षा झालेल्या, वर्षानुवर्षे एके जागी राहणाऱ्या कैद्यांवर आणि वेगवेगळी वसतिगृहे असलेल्या आवारात बेतलेली होती. ती आपल्या जिल्हा कारागृहात उचलून आणणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होईल. येरवड्यासारख्या मध्यवर्ती कारागृहात, दीर्घ मुदतीच्या सिद्धदोष बंद्यांना खुल्या कारागृहात पाठवताना, मानसशास्त्रज्ञाच्या अहवालाला काही जागा असू शकते. तेथेही वर्तनाच्या नोंदींनंतर.

लहान कारागृहात मात्र एक गोष्ट करण्यासारखी आहे आणि तिला बराक लागत नाही. २००२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सीना फझल आणि जॉन डॅनेश यांनी १२ देशांतल्या ६२ सर्वेक्षणांचा, सुमारे २३ हजार कैद्यांचा, एकत्रित आढावा घेतला. पुरुष कैद्यांत ३.७ टक्क्यांना सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटणारा मानसिक आजार, आणि दहा टक्क्यांना गंभीर नैराश्य आढळले. समाजविरोधी व्यक्तिमत्त्वाचे निदान ४७ टक्क्यांना लागू पडले, पण जे निदान निम्म्या तुरुंगाला लागते त्याने निवड ती काय होणार? पहिले दोन आकडे मात्र जीवनमरणाचे आहेत. कारागृहात आत्महत्येचा धोका सुरुवातीच्या दिवसांत सर्वांत जास्त असतो. तेव्हा नवीन बंदी दाखल झाला की त्याच संध्याकाळी, इतर बंद्यांच्या कानाआड, ड्युटीवरच्या माणसाने त्याच्याच बोलीत पाच-सहा गोष्टी विचाराव्यात : पूर्वी कधी मनाच्या आजाराची औषधे चालू होती का आणि ती बरोबर आणली आहेत का, दारू रोज लागत होती का आणि शेवटची कधी घेतली, पूर्वी जीव देण्याचा प्रयत्न केला होता का, आता तसे मनात येते का, घरी कळवले आहे का, आत कोणाची भीती वाटते का. दारूचा प्रश्न टाळू नये, कारण रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, आणि बराकीत ते सोंग समजले जाते. यांतल्या एका जरी उत्तराने शंका आली तर त्या रात्री त्याला एकटे ठेवू नये, पहाऱ्याच्या वहीत तशी नोंद करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवावे. भ्रम किंवा झटके दिसले तर सकाळची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयात हलवावे. पुढे लागलेच तर आपल्या किनाऱ्यासाठी रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि मानसिक आजार असलेल्या बंद्याला उपचारांसाठी तेथे पाठवण्याची तरतूद २०१७ च्या कायद्याच्या कलम १०३ मध्ये आहे. आपल्यासारख्या निवृत्त माणसांनी हे पाच-सहा प्रश्न मालवणी, संगमेश्वरी आणि आगरी बोलीत नीट बसवून दिले, तर ते नव्या भरतीच्या शिपायांना लगेच वापरता येतील. मसुदा या सदराच्या पत्त्यावर पाठवल्यास तो तपासून देण्याची जबाबदारी मी घेतो.